डाव्या पापणीवर मोरपंखी

तिचे दोन्ही डोळे एका रंगाचे मी कधीच पाहिले नाहीत. डाव्या पापणीवर मोरपंखी असला तर उजवीवर डाळिंबी, उजवीवर शेवाळी असला तर डावीवर पिवळाधमक. आम्ही बदलीवर कलकत्त्याला आलो आणि बागबाजारच्या त्या घराच्या दारात हातगाडीवरून सामान उतरवत होतो, तेव्हा ती तळमजल्याच्या खिडकीत उभी होती. दोन रात्रींच्या प्रवासाने माझं डोकं भणभणत होतं. मला वाटलं, उन्हाने डोळ्यांपुढे रंग नाचतायत. तेवढ्यात ती स्वच्छ मराठीत म्हणाली, "वहिनी, आधी आत येऊन चहा खा. ट्रंका कुठे पळून जात नाहीत."

तोंडावर मी तिला अहो-जाहोच करत असे. ती माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी मोठी, मुलींच्या शाळेत रसायनशास्त्र शिकवणारी. पण मनातल्या मनात ती कायम 'ती'च होती. आता या वयात खोटा आदर कशाला दाखवू? इथे मी मनातलंच लिहिणार आहे.

सगळी गल्ली तिला दिदिमोणी म्हणे. शाळेतल्या बाईंना तिकडे तसंच म्हणतात. तिचे आजोबा साताऱ्याकडून देवनागरी खिळे जुळवायला कलकत्त्याच्या एका छापखान्यात आले, ते परत गेलेच नाहीत. आईवडील गेल्यावर तळमजल्याच्या दोन खोल्यांत ती एकटी राही. लग्न केलं नव्हतं, आणि का नाही हे विचारायची सोयही तिने कुणाला ठेवली नव्हती. तिचं मराठी आजोबांच्या वेळचं, जरा पोथीतलं, त्यात बंगाली मिसळलेलं. ती चहा खायची, पाणीही खायची. चार महिन्यांत माझी मुलगीसुद्धा पाणी खायला लागली, तेव्हा मी तिला सुधारलं. पोरगी म्हणाली, "दिदिमोणी पण खाते." म्हणजे निकाल लागला.

गल्लीतल्या बायका आमच्या घराला गमतीने 'बर्गीबाडी' म्हणत, म्हणजे लुटारू मराठ्यांचं घर. दोनशे वर्षांपूर्वी मराठे बंगालवर चालून गेले होते, त्याची आठवण त्यांनी अजून जपून ठेवलेली. मी ते मनाला लावून घेई. ती मात्र म्हणायची, हो तर, यावेळी आम्ही फक्त इलिश लुटून नेणार आहोत. बायका खिदळत आणि संध्याकाळी खरंच तिच्याकडे माशाची वाटी पोचवत. आमच्याकडे कुणी कधी काही पाठवलं नाही. आम्ही मासे खात नव्हतो ही गोष्ट वेगळी.

दिसायला म्हणाल तर काही नाही. दात किंचित पुढे, केस विरळ, साड्या सगळ्या पांढऱ्या किंवा करड्या. मला लग्नाआधीपासून लोक देखणी म्हणत आलेले. पण आम्ही दोघी गल्लीतून चालत निघालो की माणसं बघत तिच्याकडे. आणि बघून हसत नसत, हेच मला सोसत नसे. विचारत, "दिदिमोणी, आज कुठला?" आणि ती थांबून, डोळा मिटून, पापणी दाखवायची.

त्याचं असं होतं. पलीकडच्या गल्लीत एका म्हाताऱ्या बंगाली गृहस्थांचा दोन खोल्यांचा कारखाना होता. सगळे त्यांना दादू म्हणत. ते पायाला लावायचा आलता, सिंदूर आणि केसांचं तेल करत. सिनेमातल्या नट्यांच्या पापण्या रंगू लागल्या, तसं त्यांच्या मनाने घेतलं की साध्या घरच्या मुलींसाठी आयशॅडोची स्वस्तातली डबी काढायची. मुलांच्या रंगपेटीसारखी पत्र्याची चपटी डबी, आत आठ रंग, झाकणात आरसा. रंग अगदी भडक हवेत, कारण फिका रंग गरिबाला परवडत नाही, असं त्यांचं म्हणणं. पैसे मोजून घेतलेली वस्तू लांबून दिसली पाहिजे. आता हे रंग डोळ्याला बाधणार नाहीत ना, घामाने ओघळणार नाहीत ना, हे बघायला त्यांनी गल्लीतल्या रसायनशास्त्राच्या बाईंना गाठलं. दुसऱ्या कुणी शंखजिऱ्याचं आणि रंगांचं प्रमाण कागदावर लिहून दिलं असतं. हिने आपलं तोंडच देऊन टाकलं.

तिचा एक नेम होता. नवा रंग नेहमी डाव्या पापणीवर, आणि उजवीवर आधी पास झालेला एखादा. तुलनेला काहीतरी हवं, नाहीतर काय बिघडलं ते कळणार कसं, असं ती म्हणे. प्रत्येक रंग आठ दिवस स्वतः लावायचा, त्यानंतरच दुसऱ्या कुणाच्या डोळ्याला. "आधी आपण, मग जग," हे तिचं पालुपद. सकाळी नऊला ती खिडकीच्या गजाला बाहेरच्या बाजूने आरसा टांगायची, कारण खरा उजेड गल्लीत होता, खोलीत नव्हता. मग काडीला कापूस गुंडाळून, गल्लीकडे तोंड करून रंग लावायची. समोरचा पानवाला, दूधवाला, शाळेला निघालेली पोरं, सगळे उभे. रंगांना नावं मात्र मराठी. तिच्या आईच्या साड्यांच्या ट्रंकेतली ती नावं होती: अबोली, गुलबक्षी, चिंतामणी, डाळिंबी. बागबाजारचा पानवाला 'चिंतामोणी' म्हणताना मी कानांनी ऐकला आहे.

शाळेत ती तशीच जाई. मुख्याध्यापिकेने एकदा बोलावून घेतलं. ही शांतपणे म्हणाली म्हणे, की लोखंडाचा लाल गंज आणि पिवळा गंज यांतला फरक मुली पूर्वी दर परीक्षेत विसरत, आता विसरत नाहीत, कारण तो बाईंच्या दोन पापण्यांवर असतो. पुढे कुणी विषय काढला नाही.

परीक्षा तिच्या स्वतःच्या पद्धतीच्या. पहिली ट्रामची. भर वैशाखात दुपारी दोनला बागबाजारहून एस्प्लनेडपर्यंत आणि परत, तेही दुसऱ्या वर्गात, जिथे पंखा नसतो. दुसरी वाफेची: भाताचं भांडं रटरटत असताना त्याच्यावर तोंड धरून शंभर आकडे म्हणायचे. तिसरी रडण्याची, आणि तिथे गाडी अडली. तिला रडूच येत नसे. मग तिने गल्लीत विचारणा सुरू केली, कुणाकडे काही दुःखाची गोष्ट आहे का. ज्या घरात ही जाई तिथल्या बायका कामं टाकून बसत आणि सांगत. फाळणीत सुटलेलं घर, बुडालेला भाऊ, टाकून दिलेली मावशी. तिकडे सांगणाऱ्या ढसाढसा रडत, ही एका निळ्या आणि एका हिरव्या डोळ्याने एकटक बघत राही आणि शेवटी विचारी, "मग त्या तळ्याला पायऱ्या किती होत्या?" शेवटी कांदा आणि मोहरीच्या तेलाची फोडणी यांवर भागवावं लागलं. गंमत अशी, की एवढं होऊन बायका तिच्यावर रागावल्या नाहीत. उलट म्हणत, इतकं नीट कुणी ऐकून घेतलं नव्हतं. मीही मनात एक दुःखाची गोष्ट तयार करून ठेवली होती. तिने मला कधी विचारलं नाही.

आता रेवाकडे येते. रेवा माझी एकुलती एक. आम्ही कलकत्त्याला आलो तेव्हा सहा वर्षांची होती. ते दिवस वाईट होते. संध्याकाळ झाली की कुठल्यातरी गल्लीत बाँब फुटे, पोलिसांच्या गाड्या येत, मुलांना कुणी बाहेर सोडत नसे. तिला जायला एकच जागा होती, जिना उतरून खाली. सुरुवातीला मला बरंच वाटलं. मराठी बाई, शिकलेली, घरातल्या घरात. पुढे रेवा शाळेतून येऊन दप्तर जिन्यातच ठेवायला लागली. वर फक्त जेवायला यायची.

घरी तेल लावून वेणी घालायची म्हटलं तर ही पोरगी दोन मिनिटं बसत नसे. मान ओढायची, ओरडायची. आणि खाली तिच्यासमोर अर्धा अर्धा तास डोळे मिटून, हात मांडीवर ठेवून बसायची. आठ दिवसांची परीक्षा पास झालेला रंग पहिल्यांदा रेवाच्या पापणीवर लागे. तो तिचा मान होता. लावता लावता दोघी बोलत. मी जिन्यात उभी राहून ऐकत असे. हो, ऐकत असे. त्यात लपवण्यासारखं काय आहे? एकदा रेवा म्हणत होती, की बाबा ऑफिसातून येताना वाटेत बाँब पडला तर, असं तिला रोज वाटतं. मला तिने हे कधी सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर मी म्हणाले असते, असं अभद्र बोलू नये. ती खालची मात्र म्हणाली, "मग असं करू. साडेपाचपासून आपण खिडकीत बसू. बाबा कोपऱ्यावर दिसले की तू मला सांग, मी लिहून ठेवते." त्या दिवसापासून रोज साडेपाचला दोघी खिडकीत. हेसुद्धा घरी आले की आधी खालच्या खिडकीशी थांबून रेवाला हजेरी देत, मग वर येत.

मी जळत होते. याला दुसरा शब्द नाही. माझ्या पोटच्या पोरीची भीती मला जिन्यात उभं राहून, चोरून ऐकावी लागत होती.

मनातलं हे सगळं मी चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला बाहेर काढायचं ठरवलं. कलकत्त्यातल्या बदलीवाल्या मराठी अधिकाऱ्यांच्या बायका त्या दिवशी माझ्याकडे येणार होत्या. एकजण तर बराकपूरहून. पन्हं, आंब्याची डाळ, ओटीला ओले हरभरे, सगळं साग्रसंगीत. हिला बोलावणं भागच होतं, पण बसवायचं कुठे? हळदीकुंकवाला सवाष्णींची बैठक वेगळी, कुमारिकांची वेगळी. मी सतरंज्या दोन घातल्या. ती आली तेव्हा, सगळ्यांसमोर, अगदी गोड आवाजात म्हणाले, "तुम्ही तिकडे बसा हं, कुमारिकांत." चव्वेचाळीस वर्षांची बाई, आणि सतरंजीवर सहा ते अकरा वयाच्या सात मुली. बराकपूरच्या बाईंनी पदर तोंडाला लावला.

ती इतकी खूश झाली की काय सांगू. "वा, माझी जागा बरोबर काढलीत," म्हणाली आणि मुलींच्या मधोमध मांडी घालून बसली. पाच मिनिटांनी पिशवीतून पत्र्याची डबी निघाली. एकेक मुलगी पुढे सरकून डोळे मिटू लागली. पिवळा, निळा, गुलबक्षी. मुली आरशात बघून लाजून लाल होत होत्या. इकडे माझ्या बैठकीत बोलणं हळूहळू थांबलं. सगळ्यांच्या माना तिकडे. आधी एका तरुण बाईने हळूच विचारलं, मोठ्या माणसांना चालतं का हो? त्यानंतर माझ्या सतरंजीवर कुणी राहिलंच नाही. बँकेतल्या साहेबांच्या बायकोने हिरवा मागितला. बराकपूरच्या बाईंनी तर दोन्ही पापण्यांना वेगवेगळे मागितले, तिच्यासारखे. गौरीपुढे मी कुंकवाची कोयरी घेऊन उभी, आणि सगळ्या सवाष्णी कुमारिकांच्या बैठकीत रांग लावून बसलेल्या. जाताना प्रत्येकजण म्हणाली, यंदाचं हळदीकुंकू लक्षात राहील. माझ्या आंब्याच्या डाळीबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही.

त्यानंतर एका दुपारी रेवा एक डबी वर विसरली. घरात कुणी नव्हतं. मी कपाटाच्या आरशासमोर उभी राहिले आणि बोटाने गुलबक्षी लावला. आधी थोडा, मग जास्त. मनाशी म्हटलं, नाक-डोळे तर माझे तिच्यापेक्षा शंभरपट बरे आहेत. पुन्हा पुन्हा बघितलं. शेवटी शेवटी मला बरा वाटायला लागला. मी तो न पुसता हे यायची वाट बघत बसले. हे आले, चपला काढल्या, माझ्याकडे बघितलं आणि काळजीने म्हणाले, "अगं, तुला जय बांगला झालं की काय?" त्या उन्हाळ्यात सगळ्या शहरात डोळ्यांची साथ पसरली होती आणि तिला लोक जय बांगला म्हणत. मी न्हाणीघरात जाऊन तोंड धुतलं. पाण्याबरोबर रंग लगेच गेला नाही. दादूंचा माल चांगलाच होता.

त्याच संध्याकाळी मी ठरवलं, की आपल्या मुलीचे डोळे आपणही नटवू शकतो, आणि तेही आपल्या पद्धतीने. माझी आई घरी काजळ धरायची. एरंडेलाचा दिवा लावून त्यावर चांदीची ताटली पालथी धरायची, जमलेली काजळी खरवडून साजूक तुपात खलायची आणि थंडाव्याला चिमूटभर भीमसेनी कापूर. मी कधी केलं नव्हतं, नुसतं बघितलं होतं. भीमसेनी घरात नव्हता, तो कलकत्त्यात कुठे मिळतो हेही ठाऊक नव्हतं. देवापुढे जाळायच्या कापराच्या वड्या होत्या, त्यातल्या दोन चुरडून घातल्या. कापूर तो कापूर, असं म्हटलं. थंडावा जास्त यावा एवढीच इच्छा.

रेवा खालून वर आली ती पापण्यांना अबोली लावून. मी तो ओल्या फडक्याने पुसून काढला आणि तिला समोर बसवून काजळ घातलं. कडांना, आणि हौसेने वर पापणीवरही. ती चुळबुळ करायला लागली. "आई, झोंबतंय," म्हणाली.

मी म्हणाले, "दिदिमोणीचं झोंबत नाही, आणि माझं तेवढं झोंबतं?"

तिने चुळबुळ थांबवली. हात मांडीवर ठेवून, डोळे मिटून बसली. जशी खाली बसायची तशी. मला त्या वेळी एवढंच कळलं, की आज पोरगी माझ्यासमोर शांत बसली आहे. तसंच काजळ घेऊन ती झोपली.

सकाळी तिच्या पापण्या सुजून डोळे बंद झाले होते. कातडी लाल, जागोजाग सोललेली. मी तुपाच्या बोळ्याने राहिलेलं काजळ टिपून काढलं, हे उठायच्या आत. आणि एक गोष्ट आज पहिल्यांदा कबूल करते. त्या पापण्या पुसताना, भीतीच्या खाली, अगदी तळाशी, मला बरं वाटत होतं. डॉक्टर काय विचारणार आणि मी काय उत्तर देणार, हे तोवर माझ्या मनात तयार झालं होतं.

डॉक्टरांनी बघितलं आणि म्हणाले, ही साथ नाही, पापणीला काहीतरी लावलेलं बाधलंय. काय लावलं होतं? मी म्हणाले, रंग. खालच्या बाई लावतात. रेवा माझ्या शेजारी बसली होती, डोळ्यांवर पट्टी, माझा हात धरून.

घरी येईपर्यंत मी ते चार जणींना सांगितलं होतं. संध्याकाळपर्यंत गल्लीभर झालं. चैत्रगौरीला आलेल्यांनाही मी पत्रं टाकली, काळजीपोटी म्हणून. बराकपूरच्या बाईंचं उलट टपाली उत्तर आलं, की आता आठवतंय, त्यांच्याही डोळ्याला तेव्हा खाज सुटली होती.

ती मात्र त्याच संध्याकाळी वर आली. शाळेतून तडक, हातात छत्री तशीच. उजव्या पापणीवर तोच अबोली होता. पलंगावर रेवाजवळ बसली, पट्टी बाजूला करून तिच्या डोळ्यांवर अगदी जवळ वाकली आणि बराच वेळ तशीच राहिली. मग माझ्याकडे वळली.

"वहिनी, तुम्ही आणखी काही लावलं होतं का?"

"मी काय लावणार?" मी म्हणाले.

तिने रेवाच्या केसांवरून हात फिरवला. "रेवा, रंगाशिवाय आणखी काही होतं का गं डोळ्यांना?"

रेवाला काही दिसत नव्हतं. ती पलंगावर चाचपडली, माझ्या साडीचं टोक हाताला लागलं, ते तिने मुठीत घट्ट धरलं. आणि म्हणाली, "नाही. फक्त रंग."

दिदिमोणीने रेवाची पट्टी पुन्हा नीट बसवली. "बरं," ती म्हणाली. "मग चूक माझी." छत्री उचलली आणि जिना उतरून गेली.

तिने कुणापुढे एका शब्दाने बाजू मांडली नाही. गल्लीतल्या बायका विचारायला गेल्या, त्यांनाही तेच सांगितलं: माझी चूक. दादूंनी दुर्गापूजेच्या बाजारासाठी डब्या भरून ठेवल्या होत्या. गल्लीत बोभाटा झाल्यावर त्या कोण घेणार? त्यांनी रंग खरवडून काढले आणि त्याच पत्र्याच्या डब्यांत सिंदूर भरून विकला. सुगंधी तेलाच्या पलीकडे पुन्हा काही नवं काढायच्या भानगडीत ते पडले नाहीत. ती मात्र स्वतः लावत राहिली, रोज सकाळी, खिडकीच्या बाहेर आरसा टांगून. फक्त समोर उभं राहणारं आता कुणी नसे.

दहा दिवसांत रेवाचे डोळे बरे झाले. खाली जाऊ नकोस असं मी तिला म्हटलं नाही, म्हणायची पाळीच आली नाही. ती आपणहून जाईनाशी झाली. शाळेतून आली की दप्तर वर आणायची. तेल लावताना मुकाट बसायची. विचारलं तेवढ्याला उत्तर द्यायची. साडेपाच वाजले की वरच्या खिडकीत एकटी जाऊन उभी राहायची, आणि बाबा कोपऱ्यावर दिसले तरी कुणाला सांगायची नाही. मला जे हवं होतं ते सगळं मिळालं होतं. मुलगी चोवीस तास माझ्या डोळ्यांसमोर.

पुढच्या वर्षी यांची नागपूरला बदली झाली. निघायच्या दिवशी हे आणि रेवा टॅक्सीत सामान लावत होते. मी वरच्या खोल्यांना कुलूप घालून उतरले, तर ती जिन्याच्या पायथ्याशी उभी. निरोपाचं काहीतरी गुळमुळीत बोलून मी बाजूने निघणार, तेवढ्यात ती म्हणाली, "वहिनी, काजळात पूजेचा कापूर घालत नाहीत. भीमसेनी बडाबाजारात मिळतो, नागपुरातही मिळेल. पुन्हा कधी केलंत तर तो घाला." आवाजात राग नव्हता. शाळेतल्या मुलीला चुकलेलं गणित दाखवावं तसं बोलली.

मी जिथल्या तिथे थांबले. "तुम्हाला केव्हा कळलं?"

"त्याच दिवशी. तिच्या पापण्यांना वास येत होता."

"मग बोलला का नाहीत?"

ती बाहेर टॅक्सीकडे बघत होती. रेवा मागच्या सीटवर बसून समोर बघत होती. "मी एकदा विचारलं, तेच चुकलं," ती म्हणाली. "ती तुमच्यासाठी खोटं बोलली. पुन्हा विचारलं असतं तर तिला पुन्हा बोलावं लागलं असतं. नऊ वर्षांच्या पोरीने किती वेळा बोलायचं?"

मी टॅक्सीत जाऊन बसले. त्या वेळी मला लाज वाटायला हवी होती. वाटलीही, पण हावड्याचा पूल ओलांडल्यावर. आधी वाटला तो मत्सरच. आपल्यावर आलेला आळ, दादूंचा बुडालेला माल, गल्लीतलं नाव, हे सगळं तिने एका बाजूला टाकलं होतं, आणि दुसऱ्या बाजूला माझ्या मुलीला पुन्हा खोटं बोलावं लागू नये एवढंच ठेवलं होतं. हे मला सुचलं नव्हतं. मी आई होते, तरी सुचलं नव्हतं.

ती गेल्याचं कुणीतरी कळवलं, त्यालाही आता बरीच वर्षं झाली. रेवा साठीला टेकली. माझं औषधपाणी, डोळ्यांत थेंब घालणं, सगळं तीच करते, आणि नीट करते. त्या काजळाबद्दल मी तिच्याजवळ कधी बोलले नाही. तिनेही मला एका शब्दाने विचारलं नाही, इतक्या वर्षांत एकदाही नाही. असं न विचारणं ती कुणाकडून शिकली ते मला ठाऊक आहे. माझ्याकडून नाही.